सरकारांची किल्ली आणि पाच यंत्रं

विजेचे पॉइंट दोन, यंत्रं पाच आणि किल्ली सरकारांच्या कमरेला! आता करायचं काय?

सरकार म्हणजे निंबवळ संस्थानचे श्रीमंत भैरजीराव. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण सरकारांना ते कुणी नीटसं समजावून सांगितलेलं नव्हतं. मुंबईहून गोव्यामार्गे कोचीला निघालेल्या प्रवासी जहाजावर ते पाच यंत्रं घेऊन चढले. मोबाइल, टॅब, दाढीचं यंत्र, पाय चेपायचं यंत्र आणि नीट ऐकू यावं म्हणून कानात घालायचं यंत्र. सहा भोकांचा एक्स्टेन्शन बोर्डही आणला होता, पण तो जहाजाच्या दारातच जप्त झाला.

"आगीचं भय असतं, साहेब," पहारेकरी म्हणाला.

"आम्हाला भय ठाऊक नाही!" सरकार गरजले. बोर्ड गेला तो गेलाच.

त्यात खोलीची तऱ्हाच न्यारी. दाराजवळच्या फटीत किल्ली, म्हणजे प्लास्टिकचं एक कार्ड, खोचलं तरच वीज चालू. काढलं की दिवे, गार वारा, पॉइंट, सगळं ठप्प! आणि सरकार किल्ली फटीत ठेवायलाच तयार नव्हते. साखळीत ओवून ती कमरेला. जेवताना कमरेला, झोपतानाही कमरेला. त्यामुळे पाचही यंत्रं दुसऱ्या दिवसापर्यंत मान टाकून पडली.

आदल्या रात्री तर फजितीच झाली. जेवताना कानातलं यंत्र मेलं, आणि तिथल्या गलक्यात त्याच्याशिवाय काही ऐकू येईना. कप्तान जे जे बोलला त्याला सरकार राजेशाही मान डोलावत राहिले, आणि शेवटी त्यांचं नाव नाचाच्या स्पर्धेत लागलं!

सकाळी त्यांनी द्वारकाबाईंना समोर उभं केलं. पंचवीस वर्षं सरकारांचं सगळं बघणाऱ्या या बाई. रागात हुकूम सोडला, "द्वारके, संध्याकाळी सातला आम्ही परत येऊ. पाचही यंत्रं भरलेली हवीत!"

"मग किल्ली ठेवून जा, सरकार. दोन पॉइंटांवर पाळीपाळीनं लावते."

"किल्ली मिळणार नाही! दुसऱ्या कुणाची मागायची नाही. एकही वस्तू खोलीबाहेर न्यायची नाही. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की राज्य जातं!"

"राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली की, सरकार."

"म्हणून तर आता जपतोय!"

"आणि जमलं नाही," सरकारांनी मिशीला पीळ भरला, "तर उद्या गोव्याला उतरायचं. एसटीनं घरी!"

समुद्राची द्वारकाबाईंना मुळीच हौस नव्हती, जहाजात पाय ठेवल्यापासून मळमळत होतं. पण कोचीला त्यांची लेक होती, आणि लेकीला झालेली दोन महिन्यांची नात. फोटोत पाहिलेली, हातात एकदाही न घेतलेली. त्या नातीसाठी त्या आल्या होत्या, आणि आता दोन दिवसांच्या अंतरावरून परत फिरायचं? छे!

सरकार गेले. दिवे गेले. द्वारकाबाईंनी गोल खिडकीचा पडदा सारला आणि त्या फटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एवढीशी फट, हिला राजा आणि रंक काय कळतंय? त्यांनी कंगवा घालून पाहिला. जाड झाला. चिवड्याच्या पुडीचा कागद घातला. तो आतच मुडपला. मग त्यांची नजर टेबलावरच्या एका डबीवर गेली, आणि त्या गालातल्या गालात हसल्या.

सातच्या ठोक्याला सरकारांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. खोली लख्ख! गार वारा सुटलेला! पाचही यंत्रं टेबलावर ओळीनं मांडलेली, गच्च भरलेली.

सरकारांनी कमर चाचपली. किल्ली जागेवर होती.

"द्वारके! कुणाची किल्ली आणलीस?"

"कुणाची नाही, सरकार."

"मग दिवसभर इथं वीज कुणी लावली?"

"आपणच!"

"आम्ही तर डेकवर होतो!"

द्वारकाबाईंनी फटीकडे बोट दाखवलं. तिथं सोनेरी काठाचं एक जाडजूड व्हिजिटिंग कार्ड ताठ खोचलेलं होतं. राजमुद्रा वर, आणि खाली चार ओळी भरून सरकारांचं नाव! डबीभर कार्डं सरकारांनी आणली होती. भेटेल त्याला वाटत होते आणि लोक त्यावर चहाचे कप ठेवत होते.

सरकार लालबुंद झाले. "आमचं नाव भिंतीच्या भोकात कोंबलंस? ही बेअदबी! उद्या गोव्याला उतर!"

द्वारकाबाईंनी पदर खोचला. "उतरते. पण एवढं सांगा, सरकार. आपल्या आजोबामहाराजांचं लग्न लागलं तेव्हा ते कुठं होते?"

"पुण्यात. घोड्यांच्या शर्यतीत. हे सगळ्या निंबवळला ठाऊक आहे!"

"मग मांडवात कोण उभं होतं?"

"त्यांची तलवार. राजघराण्यांत तशी रीतच होती. आजीसाहेबांनी खांड्याला माळ घातली."

"मग ते लग्न खरं की खोटं?"

खोटं म्हणावं तर सरकारांचे स्वतःचे वडीलच पंचाईतीत! "खरं! शंभर टक्के खरं!"

"मग राजा नसताना त्याच्या खांड्यावर लग्न लागतं, तर राजा नसताना त्याच्या नावावर दिवा का लागू नये? आणि खरं सांगू, सरकार? एवढी कार्डं वाटलीत, पण आपल्या नावानं काम झालं ते आज पहिल्यांदाच!"

मग सरकारांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे काही खदाखदा हसले की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली!

"जिंकलीस, द्वारके! कोचीला उतरशील ती आठ दिवसांसाठी! नातीला चांदीचे वाळे आमच्याकडून, परतीचं विमानही आमच्याकडून!"

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. पदराने ते टिपत त्या म्हणाल्या, "पण आठ दिवस आपलं कोण बघणार, सरकार?"

"तुझ्या जुन्या चपला इथं ठेवून जा!" सरकार म्हणाले. "आम्ही त्यांनाच हाका मारू!"