राखीव गडी

जनावरं हुतूतू खेळत, त्या काळची गोष्ट. अंतिम सामना तोंडावर आला आणि सायाळीच्या संघाला एक राखीव गडी हवा होता. रानबोक्याइतका चपळ गडी रानात दुसरा नव्हता. पण पंच घुबडाशी भांडला म्हणून जुन्या संघाने त्याला हाकललं होतं.

"कशाला विकतचं दुखणं?" ससा कुरकुरला.

सायाळीने बोक्यालाच विचारलं, "का भांडलास?"

"निकाल चुकीचा होता, ताई. पण मी शिव्या दिल्या, ते माझं चुकलं."

तिने धाकधुकीतच त्याला घेतलं.

सामन्यात सायाळीच्या संघातल्या चितळाचा पाय मुरगळला आणि त्याच्या जागी बोका उतरला. बरोबरी, आणि संघाच्या दोनच चढाया उरलेल्या! बोका सुसाट गेला नि परतला. घुबडाने गुण दिला, संघ नाचू लागला. तोच बोका घुबडाकडे धावला. "भांडू नकोस!" म्हणत सायाळ मागोमाग पळाली.

"गुण परत घ्या, काका. मी कुणाला शिवलोच नाही."

संघ खवळला. पलीकडच्या कोल्ह्यांची चढाई फुकट जाताच सायाळ ओरडली, "बोक्या, शेवटचीही तूच कर!"

तो झेपावला, कोल्ह्यांच्या घोळक्यातून निसटून धापा टाकत परतला.

"शिवलास?" घुबडाने त्यालाच विचारलं.

"दोघांना!"

आणि समोरचे दोन कोल्हे मुकाट्याने मैदानाबाहेर चालू लागले.