न जेवणारी गाडी

आटपाट सोसायटी होती. तिथल्या हेमलताताईंनी सासूबाईंना डायलिसिसला न्यायला एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. अध्यक्ष रंगराव टिपणीसांना मात्र पार्किंगमधला प्लग कुणाला द्यायचाच नव्हता.

संकष्टीच्या संध्याकाळी ताईंनी वायर लावली. बराच वेळ झाला तरी गाडी काही चार्ज होईना. टिपणीस चारचौघांत म्हणाले, “वहिनी, ही गाडी मेलेली आहे. भंगारात द्या. प्लग मी उद्या काढून टाकतो.”

ताईंनी गाडीच्या पडद्यावर पाहिलं. कोपऱ्यात घड्याळाचं चित्र होतं. आधीच्या मालकाने रात्रीच्या स्वस्त विजेसाठी टायमर लावला होता, तो तसाच राहिला होता.

“भाऊसाहेब, जेवलात?”

“आज संकष्टी. चंद्रोदय झाल्यावर जेवणार.”

“सकाळपासून जेवला नाहीत, म्हणून घरच्यांनी तुम्हाला भंगारात दिलं का? हिचीही जेवायची वेळ ठरलेली आहे. तुमचा उपास चंद्र सोडवेल, हिचा मी सोडवते.”

ताईंनी टायमर बंद केला. हिरवा दिवा लागला. सगळे हसले, शेवटी टिपणीसही हसले. प्लग जागच्या जागी राहिला.

गणराया, जसं हेमलताताईंच्या गाडीचं पोट भरलं, तसं सगळ्यांचं भरो.