आवडाईचा फुलदगड

कोंडसरच्या बंदराला शीड आणि वल्हं यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. तिथं मासेमारी करणाऱ्या खारव्यांतली आवडाई नावाची एक बाई राहायची. दगड घासून गुळगुळीत करणं हे तिचं काम.

ते दगड खाडीच्या तोंडाशी असलेल्या कड्यातून निघायचे. वरून मळकट, ओबडधोबड. आवडाई ते ओल्या वाळूनं आठ-आठ दिवस घासायची, वर खोबरेल चोळायची, आणि मग त्यांत बारीक बारीक फुलं उमटायची. ती फुलं म्हणजे जुनी पोवळी. समुद्राला ती विरघळवता आली नाहीत म्हणून दगड झाली, असं म्हणतात. तान्ह्या पोराच्या मनगटाला फुलदगड बांधला की ते झोपेत दचकत नसे. खलाशी तो गळ्यात घालत, कारण दर्या ज्याच्यापुढे एकदा हरला त्याच्या वाटेला पुन्हा जात नाही, असं म्हणतात.

आवडाईच्या गळ्यातही एक होता, सुपारीएवढा. गलबतमालक नाखव्याकडे खलाशी असलेल्या नवऱ्यासाठी तिनं तो घासायला घेतला होता. दगड पुरा व्हायच्या आधीच एका सकाळी नवरा म्हणाला, "आज जावंसं वाटत नाही गं."

"मग नाखव्याला काय सांगणार?" असं म्हणून तिनं भाकरी बांधून दिली. तो परत आला नाही. आपलं ते बोलणं ती जन्मभर विसरली नाही.

पुढं एका आषाढात गलबतांचा मालक विठोजी नाखवा यानं फर्मावलं की, नारळी पौर्णिमेची वाट न बघता गलबत काढायचं. अकरा खलाशांची घरं त्याच्याच जमिनीवर होती. ते मुकाट्यानं आवडाईकडे दगड मागायला आले.

"जायचंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

त्यांनी नुसतं मागं वळून आपल्या घरांकडे पाहिलं. तिनं अकरा दगड दिले आणि त्यांच्या मागोमाग धक्क्यावर गेली. तिथं तिनं गळ्यातला दगड काढून गलबताच्या पुढच्या टोकावर ठेवला.

"आवडाई, तो दगड उचल," नाखवा म्हणाला.

"तुम्हीच उचला, नाखवा. यांना जायचं नाही. यांना सांगता येत नाही, म्हणून मी सांगते."

नाखव्यानं हात घातला. दगड हलेना. त्याचे चार गडी लागले, तरी हलेना. तेव्हा एक खलाशी पुढं झाला आणि त्यानं आपला दगड तिच्या दगडाशेजारी ठेवला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. अकरावा दगड पडला तेव्हा गलबत वाळूत हातभर रुतलं होतं. भरती आली आणि गेली, पण ते तरंगलं नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. पाणी देवळाच्या पायरीपर्यंत चढलं, निम्मं बंदर वाहून गेलं. अकराही जण घरी होते.

वादळ ओसरल्यावर नाखवा आवडाईच्या दारात आला. त्यानं धक्क्याकडे हात केला. ती धक्क्यावर गेली आणि अबोलीची फुलं वेचावीत तसे तिनं रुतलेल्या गलबतावरचे बाराही दगड उचलले.

कोंडसरला आता इंजिनाच्या बोटी आहेत. तरीही बोटीवरच्या कुणीही, अगदी नव्यानं लागलेल्या गड्यानंही, पुढच्या टोकावर फुलदगड ठेवला, की त्या दिवशी बोट सुटत नाही. त्याला 'आवडाई बसली' म्हणतात. दगड कुणी ठेवला हे सगळ्यांना दिसतं. का ठेवला, हे त्याला कुणी विचारत नाही.