भोळशेतचं बोलशेत झालं त्याची गोष्ट

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खाडीच्या पाण्यात उभं राहून शपथ घ्या म्हणालात तरी घेईन. आता, ती घडली तेव्हा मी नव्हतो, माझा खापरपणजाही नव्हता, आणि ज्या दोघांनी ती मला सांगितली त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणून त्यांच्या गोष्टीही पटत नव्हत्या. तेव्हा अक्षरन् अक्षर राहू द्या. गावाचं नाव तेवढं खरं धरा. नाही, नावच चुकीचं आहे. गोष्ट त्याचीच आहे.

फार वर्षांपूर्वी, रोमकडच्या यवनांची गलबतं मिरी न्यायला आपल्या किनाऱ्याला लागत तेव्हा, एका खाडीच्या काठी भोळशेत नावाचं गाव होतं. नाव भोळं, पण गाव असं संशयी की सूर्य डोक्यावर आला तरी तिथली माणसं कोंबड्याला विचारून खात्री करत, असं म्हणतात. पाहुणा आला की आधी त्याचे पाय उलटे नाहीत ना ते बघत, मग पाणी देत.

त्या गावची तर गोमी चालवायची. पैलतीराला माणसं नेणाऱ्या होडीला तिकडे तर म्हणतात. रीत अशी की बापाचं वल्हं मुलाला जायचं. पण गोमीचा भाऊ पालू मिसरूड फुटायच्या वयात एका यवनी गलबतावर चढला तो गेलाच. बापानं वाट पाहिली, डोळे मिटायच्या आधी वल्हं लेकीच्या हाती दिलं. गोमीनं ते असं धरलं की तिचे तळहात लाकडाचे झाले, आणि वल्ह्याला म्हणे नखं फुटली.

एका दुपारी एक यवनी गलबत खाडीच्या तोंडाशी थांबलं आणि एका माणसाला वाळूवर उतरवून गेलं. केस पांढरे, अंग भाजलेलं, खांद्याला पिशवी. तो येऊन गोमीच्या होडीत बसला. म्हणाला, "गोमे, अजून डावीकडेच ओढतेस होय गं?"

गोमीनं वल्ह्यावरची मूठ आवळली. भाऊ आला म्हणून नव्हे. भाऊ असला तर वल्हं गेलं म्हणून.

तो पालूच होता. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भोळशेतकरांसारखा जीव टांगून बसायला नको.

गोमीनं त्याला खोदून खोदून विचारलं. बाप होडी कुठल्या झाडाला बांधायचा, आई कुठल्या पायानं लंगडायची, लहानपणी कुठला खेकडा कुणाच्या बोटाला चावला. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. तशी गोमीची शंका दुप्पट झाली. खरा पालू असता तर निम्मं विसरला असता, ती शेजारणीला म्हणाली. गलबतात एका बाकावर जन्म काढला की शेजारच्या वल्हेकऱ्याचं बालपणसुद्धा पाठ होतं. पालू तिकडेच मेला असेल आणि हा त्याच्या आठवणी घेऊन आला असेल.

मग पंच बसले. पालूनं पिशवीतून काशाचे दोन पत्रे काढले, हाताच्या पंजाएवढे. एकावर एक ठेवून तारेनं आवळलेले, आणि तारेवर सात साक्षीदारांच्या मोहोरा. तो म्हणाला, रोमच्या बादशहाच्या आरमारात मी पंचवीस वर्षांवर वल्हं मारलं. चाकरीतून सुटलो तेव्हा त्यानं हे दिलं. आता मी रोमचा, माझी पोरंबाळंही रोमची. मूळ लेख रोमच्या भिंतीवर ठोकलाय, ही त्याची नक्कल. जे बाहेर कोरलंय तेच आत. बाहेरचं कुणी खोडलं तर न्यायाधीशासमोर मोहोरा तोडून आतलं वाचायचं. उगाच तोडल्या, तर याचं मोल भांड्याच्या ठिगळाएवढं.

विन्हू गावकर गावात सगळ्यांत संशयी, म्हणून तर गावचा प्रमुख, गावकर. त्यानं पत्रा हुंगला. "आतही तेच आणि बाहेरही तेच, तर दोनदा लिहिलं कशाला? खरं बोलणारा एकदाच बोलतो."

मग त्यानं विचारलं, हे मोहोरांवाले सात कोण. पालू म्हणाला, ठाऊक नाही, मी त्यांना पाहिलं नाही. त्यांनी तुला पाहिलंय? नाही. आणि रोम पाहिलंस? तेही नाही. काठभर हशा पिकला. न पाहिलेल्या सातांनी न पाहिलेल्या शहराचा करून टाकलेला माणूस भोळशेतनं तोवर पाहिला नव्हता.

बंदरावरून एका यवन व्यापाऱ्याला वाचायला आणलं. त्यानं बोट फिरवत वाचलं: पालुस, वल्हेकरी, गाव बोलशेत. त्यांच्या लिपीत ना भ, ना ळ. "भोळ" म्हणून दाखव म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा समोरच्यांवर थुंकी उडवली. बायका हसल्या. गावकर हसला नाही. म्हणाला, हा बोलशेतचा आहे, तर त्यानं बोलशेतला जावं.

कुणी म्हणालं, फोडून बघा, आत भोळशेत असेल. पालूनं पत्रा छातीशी धरला. शेवटी पंचांनी दिव्य ठरवलं. ओहोटीच्या धारेत पत्रा टाकायचा. वाहून गेला तर माणूसही त्याच्यामागून जाईल. परत आला तर पालू आपला, आणि वल्हं त्याचं. टाकायचा गोमीनं, कारण पाणी तिचं.

गोमीनं त्याला होडीत घेतलं आणि खाडीच्या तोंडाशी नेलं, जिथे ओहोटी दोर तोडते. वाकून तिनं पत्रा सोडला, मनापासून, बुडावा म्हणून. तेवढ्यात होडी आडवी झाली. गोमी तोल जाऊन पडली आणि हातातलं वल्हं सुटलं.

पालूला दोन गोष्टी दिसल्या असं म्हणतात. एका बाजूला त्याचं रोम चाललेलं, दुसऱ्या बाजूला वल्हं. त्यानं वल्हं धरलं. अशी वल्हवली होडी की खाडी दुभंगली, तळातले मासे उन्हात चमकले. होडी काठाला लावून त्यानं वल्हं गोमीच्या मांडीवर ठेवलं.

"तुझं आहे," तो म्हणाला. "मला नुसतं बसायला जागा दे."

मागे गलका झाला. ओहोटीच्या उलट, धारेवर चढत, काशाचा पत्रा तरंगत आला आणि होडीला येऊन टेकला. मोहोरा शाबूत.

भोळशेतकर काय, लगेच म्हणाले, खाली लाकूड बांधलं असेल. गावकर म्हणाला, पत्रा आला हे ठीक, पण नाव अजून चुकलेलंच आहे. ते रोमच्या भिंतीवरही चुकलेलं. आता ते बदलायला कोण जाणार?

गोमी वल्हं टेकून उभी राहिली. "रोमची भिंत लांब आहे, काका. गाव इथेच आहे. गाव बदला."

असं म्हणतात की त्या दिवसापासून गावाचं नाव बोलशेत झालं. पालू मरेपर्यंत होडीच्या टोकाशी बसला आणि गोमीनं डावीकडे ओढलं की फक्त खाकरायचा. पत्रा देवळाच्या पायात पुरलाय म्हणे. पण उकरून कुणी बघत नाही, न जाणो आत भोळशेत निघायचं.

आजही पालूच्या नावानं वर्षातून एकदा सगळं गाव तरीवर, होडी लागते तिथे, जमतं. होडी चालवणारा प्रत्येकाला, जणू कधी पाहिलंच नाही अशा तोंडानं, विचारतो, "कुठला रे तू?" मग सात जणांनी होडीच्या काठाला हात लावून "आमचा" म्हणायचं, तेव्हाच माणूस पुन्हा गावचा. सासुरवाशिणींना आणि बाहेरून आलेल्यांना हे सात चटकन मिळतात. मागल्या खेपेला सरपंचाला सहाच मिळाले. उन्हात उभा होता. शेवटी त्याच्या बायकोनं हात लावला, पण बराच विचार करून.

आता कबुलीचं. यात एक गोष्ट मी पदरची घातली आहे. पत्र्याची नव्हे, पत्रा तरंगला तो तरंगलाच. तो पालूच होता, असं मी सुरुवातीला म्हणालो ना, तेवढं माझं. तो कोण होता ते गोमीलाही कधी कळलं नाही. तरी होडीच्या काठाला पहिला हात तिनंच लावला.