ढब्बूचा सोमवार

फार पूर्वी, डोंगरावरच्या एका देवळापाशी ढब्बू नावाचा वानर राहत असे. भाविकांच्या पेढ्यांवर आणि खोबऱ्यावर तो असा सुटला, की एकदा पिंपळावरून देवळाच्या शिखरावर उडी मारताना धपकन खाली पडला. कुत्री टपलेलीच होती. शेपटीचा शेंडा गमावून तो कसाबसा वाचला.

तेव्हापासून त्याने सोमवार धरला. दिवसभर कडकडीत उपास करायचा आणि संध्याकाळी तो सोडताना नैवेद्याचं अख्खं ताट फस्त करायचं. पोट काही कमी होईना.

पिंपळावरची खारूताई म्हणाली, "मामा, दिवसभराचं तुम्ही सांजेला भरून काढता. त्यापेक्षा रोजच्या खाण्यातला एक घास मला ठेवत जा."

"एका घासाने काय होतंय?" म्हणत ढब्बू ठेवू लागला. पुढे दोन ठेवू लागला. पेढ्याच्या जागी कोवळा पालाही गोड लागू लागला.

वर्ष सरलं. एकदा कुत्री अंगावर आली आणि ढब्बू सहज शिखरावर जाऊन बसला. तिथून त्याने खारूताईला हाक मारली.

खारूताई मधल्या फांदीवरच धापा टाकत होती. वर्षभराच्या घासांनी तिचं पोट फांदीला घासत होतं.

"आलेच, मामा," ती म्हणाली. "येत्या सोमवारपासून मी उपास धरतेय."