निजमाळ

तरटवाडीच्या पुढे सडक संपते आणि तांबडा, खडकाळ माळ सुरू होतो. झाड नावाला नाही, विहीर नाही, वस्ती नाही. नवखा पाहुणा हटकून म्हणतो, काय ओसाड आहे हो इथं. मग वाट दाखवायला आलेले धुळाबापू ओठांवर बोट ठेवतात.

"ओसाड न्हाई म्हणायचं, पावनं. निजमाळ म्हणायचं. आन जरा हळू बोला."

तरटवाडीच्या बोलण्यात हा शब्द उठता-बसता येतो. जिथं पाणी नाही, माणूस नाही आणि गेलेल्याची खबर लवकर येत नाही, तो सगळा मुलूख म्हणजे निजमाळ. पोरगा फौजेत वाळवंटाच्या हद्दीवर असला की आई सांगते, निजमाळात हाय. बोलता बोलता कुणाची नजर लांब लागली की शेजारचा डिवचतो, "निजमाळावर गेलास व्हय?" या शब्दाच्या मुळाशी एक बाई आहे, असे सांगतात. बापूंनी तिची गोष्ट मेंढरांमागं चालताना चुलत्याकडून ऐकली. त्यामुळे सांगतानाही ते चालतच राहतात, पाहुण्याला दम लागला तर लागला.

फार मागं, तरटवाडी वसायच्या आधी, या माळावर धनगरांचा तळ पडायचा. तेव्हा इथं गुडघाभर पवन्या गवत असायचं म्हणे. मग पाऊस रुसला तो वर्षानुवर्षं रुसला. गवत गेलं, झुडपं गेली, पाखरंसुद्धा दुसरा मुलूख शोधत निघून गेली. तळावर सिदू नावाचा एक तरणा धनगर होता. एका सकाळी त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, बायकोला म्हणाला, "ठकू, पानी बघून येतो," आणि माळाच्या पोटात चालत गेला. तो आला नाही. माणसं जमेल तेवढं फिरून शोधून आली, पण वारं इतकं होतं की पावलंही उमटलेली राहिली नव्हती.

ठकाई रोज दुपारी तळाच्या कडेला उभी राहायची. ऊन चढलं की माळावर पाणी दिसायला लागायचं, चकाकतं, हलतं. मृगजळच ते, तिलाही कळायचं. पण त्या पाण्यातून एक माणूस खांद्यावर घोंगडी टाकून चालताना दिसायचा. तो जवळ येत नव्हता, पण लांबही जात नव्हता. ठकाईचा त्यानंच दिवस सरायचा.

तळाचा कारभारी म्हाकू. माणूस कडक, पण मनानं वाईट नव्हता. मेंढरं हाडाला लागली तेव्हा त्यानं तळ हलवायचं ठरवलं. आता या लोकांची एक रीत होती. ज्या रानात मेंढरं बसली, लेकरं जन्मली, ते रान नात्यातलं मानायचं. आणि नात्यातलं कुणी गेलं तर दिवस घातल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. म्हाकू म्हणाला, "रान मेलं. त्याचं दिवस घालू आन मग जाऊ."

म्हातारी माणसं रडली, बाप गेल्यासारखी रडली. पण रानाचे दिवस म्हणजे रानात जे जे राहिलं त्याचेही दिवस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका ठकाईकडे बघेनात. पिंडाला कावळा शिवला की तिच्या बांगड्या फोडायच्या, हे न बोलता ठरलं होतं. तिला धड रडूही येईना. दुपारी ज्याला आपण डोळ्यांनी बघतो त्याच्या नावानं बांगड्या कशा फोडायच्या, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

दगडावर पिंड मांडला. सगळे लांब जाऊन बसले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळा कुठला येतोय. माळावर झाड नाही, पाणी नाही, कावळा काय दगड खायला येणार? पण दुःखात माणसाची अक्कल गहाण पडते. त्यांना वाटलं, रानाची काही इच्छा राहिली असेल. म्हाकू हात जोडून म्हणाला, "पुन्यांदा मेंढरं आनू." कावळा नाही. "दर साली निवदाचं बोनं दावू." तरी नाही. सावल्या लांबल्या. शेवटी कुणीतरी सुचवलं, दर्भाचा कावळा करून शिववू. माणसं दर्भ शोधायला उठली आणि उठल्या जागी थांबली. दर्भ सोडा, अख्ख्या माळावर गवताची काडी नव्हती. काडी असती तर रानाचे दिवस कशाला घालावे लागले असते?

तेव्हा ठकाई उठली. पिंडाजवळ जाऊन आडवी झाली आणि भुईला कान लावला. बराच वेळ तशीच होती. मग म्हणाली, "मामा, रान मेलं न्हाई. निजलंय. श्वास ऐकू येतोय."

म्हाकूही खाली वाकला, त्यानंही कान लावला. उठून तो हळूच म्हणाला, "पोरी, त्यो तुझ्याच छातीचा ठोका."

"आसंल," ठकाई म्हणाली. "मंग त्यो चालू हाय तवर ह्याला मेलं म्हनू नगा. जित्याचं दिवस घालत न्हाईत. अन निजलेल्याजवळ कुनीतरी बसाय लागतं, ते मी बसते."

म्हाकूनं पिंड उचलला. तळाजवळच्या कोरड्या ओढ्यात, वाळू उकरली की थोडं पाणी पाझरायचा असा एक झिरा होता, एका माणसापुरता. तेवढ्यावर आणि दोन शेळ्यांवर ठकाईला सोडून तळ निघून गेला. असे सांगतात, की ती रोज झिऱ्यातलं पाणी ओंजळीत घ्यायची, पहिला घोट भुईवर सोडायची आणि मग आपण प्यायची. दुपारी माळ चकाकू लागला की कडेला बसून पुटपुटल्यासारखं गायची, निजलेल्याची झोप न मोडता त्याला सोबत कळावी इतपत.

किती सालं गेली ते कुणी मोजलं नाही. एकदा पाऊस पडल्याची वार्ता लागली आणि म्हाकू तळ घेऊन परत आला. माळ हिरवा होता. पोरं ओरडत धावली, तर गवतातून ठकाई उठली, केस पिकलेले, कपाळाला कुंकू. म्हणाली, "हळू. आत्ताच उठलंय."

म्हाकूला राहवेना. "आन सिदू?"

"निजल्यात अजून," ती म्हणाली. ठकाईनं दोन भाकरी थापल्या, एक झाकून ठेवली.

सिदू कधीच आला नाही. गवत आलं, गेलं, पुन्हा आलं. ठकाईच्या भोवतीनं घरं झाली, तीच तरटवाडी. ती गेली तेव्हा म्हाकू पार थकला होता. बायका घुटमळल्या, हिला कुठलं लुगडं नेसवायचं? म्हाकूला दोघांनी धरून आणलं. त्यानं हिरवं लुगडं मागवलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाला, "सवाष्ण हाय. तशीच न्या."

आजही तरटवाडीत कुणाचा माणूस परागंदा झाला तर त्याचे दिवस घालत नाहीत, बारा वर्षं होवोत की जन्म जावो. त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला आधी बोलावतात. कुणी परका विचारू लागला, की यांचे मालक कुठं असतात, तर तिला उत्तर द्यावं लागत नाही. शेजारीण पुढं होऊन सांगते, "निजमाळाला गेल्यात," आणि तिची ओटी भरते.