दोर तुटला तो रविवार

फार वर्षांपूर्वी एका डोंगरी गावातल्या चर्चच्या मनोऱ्यात काशाची एक घंटा राहत होती. "प्रभूच्या लेकरांना प्रभूकडे मीच बोलावून आणते," असं ती शेजारच्या पारव्याला येता-जाता सांगायची. हुरहुर एकाच गोष्टीची होती. उपासनेतलं पहिलं गीत तिला कधी ऐकूच यायचं नाही, कारण तेव्हा ती स्वतःच घुमत असायची.

एका रविवारी तिचा दोर तुटला आणि घंटा मुकीच राहिली. तरी लोक नेहमीसारखे आले आणि पहिलं गीत वरपर्यंत पोचलं. त्यासाठीच ती इतकी वर्षं आसुसली होती, पण ती तुटलेल्या दोराकडेच बघत राहिली.

"अगं, आनंद नाही झाला?" पारव्यानं विचारलं.

घंटा म्हणाली, "खरं सांगू? दोर तुटला तेव्हा मनात आलं, आज बाकं रिकामीच राहू देत. मग इतकी वर्षं मी लोकांना कुणाकडे बोलावत होते रे?"

पुढच्या रविवारी नवा दोर आला. घंटा मनापासून वाजली आणि घाईनं पारव्याला म्हणाली, "माझ्या काठाला जरा पंख टेकव ना. माझं घुमणं थांबू दे, गीत सुरू होईल."